वाचनालयाच्या माळ्यावरचं इंटरनेट

लग्नामुंजीत भेटणारे लोक मला विचारतात, "तुम्ही टेलिफोनमध्ये होतात ना?" मी हो म्हणते. ते खरं आहे आणि विषय तिथेच संपतो. टेलिफोन खात्यात मी तेवीस वर्षं काढली, वेळेआधी निवृत्ती घेतली आणि मग रत्नागिरीतल्याच एका केबलवाल्याकडे नोकरीला लागले. आठवण येते ती या दुसऱ्या नोकरीची. पण तिथे मी काय करत होते, हे पंगतीत वाढप चालू असताना सांगता येत नाही. इथे जागा आहे, म्हणून सांगते.

माझे मालक भाऊ सुर्वे. घरोघरी टीव्हीची केबल टाकत टाकत त्यांनी इंटरनेट विकायला सुरुवात केली होती. मारुती मंदिर, माळनाका, शिवाजीनगर हा सगळा वरचा भाग आमचा. खालच्या अंगाला मांडवी, मिरकरवाडा आणि किनाऱ्याने पावस, पूर्णगडपर्यंत दिनू मयेकरांची कंपनी. हे दोघे एकेकाळी भागीदार होते. एकाच छपरावर डिश लावून दोघांनी धंदा सुरू केला होता. मग क्रिकेटचा एक अंतिम सामना ऐन रंगात असताना अर्ध्या गावाची केबल बंद पडली. वायर कुणीतरी कापलेली निघाली. भाऊंना वाटलं दिनूने कापली, दिनूला वाटलं भाऊंनी. दोघांनी भैरीच्या देवळात जाऊन वेगवेगळी शपथ घेतली. वायर कुणी कापली ते आजवर कळलेलं नाही. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलायचे बंद झाले ते झालेच.

मी लागले तेव्हा या अबोल्याला बरीच वर्षं झाली होती. मला वाटलं, मालकांचं भांडण आहे, आपल्याला काय त्याचं.

पहिल्यांदा त्याचं काहीतरी वाटलं ते डॉक्टर आठल्यांमुळे. ते हृदयाचे डॉक्टर, दवाखाना मारुती मंदिरला, म्हणजे आमचे ग्राहक. पूर्णगडच्या एका छोट्या रुग्णालयातून त्यांच्याकडे रोज तपासण्यांचे कागद यायचे. तिथे डॉ. शुभदा नावाची पुण्याची तरुण डॉक्टर एकटी काम करत होती. तिचं कनेक्शन मयेकरांचं. एकदा आठल्यांनी मला बोलावून घेतलं. "वंदनाबाई, पूर्णगडहून एक छातीचा फोटो यायला चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात पेशंट एसटीने इथे येऊन बसतो."

तेव्हा मी तपास केला. संगणकाला विचारता येतं, की बाबा रे, ही फाइल कुठून कुठून आली. तो वाटेतल्या ठाण्यांची यादी देतो. ती यादी मी दोनदा वाचली. पूर्णगडहून निघालेली फाइल मयेकरांच्या यंत्रांच्या खोलीत आली, तिथून मुंबईला गेली, मुंबईहून सिंगापूरला गेली, सिंगापूरहून दुसऱ्या कंपनीच्या रस्त्याने परत मुंबईला आणि मग साडेतीनशे किलोमीटर खाली आमच्याकडे. मयेकरांची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये चालत पाच मिनिटांचं अंतर होतं.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण धंदा असाच चालतो. प्रत्येक छोटी कंपनी मुंबईच्या कुठल्यातरी मोठ्या कंपनीकडून जगाशी जोडणारी एक तार विकत घेते. शेजारच्या छोट्या कंपनीशी तिचा थेट संबंध नसतो. शेजाऱ्याकडे काही पाठवायचं तरी ते आधी त्या मोठ्या तारेने बाहेर जातं आणि जगभर फिरून शेजाऱ्याच्या दारात येतं. यावर उपाय फार साधा आहे. गावातल्या सगळ्या कंपन्यांनी मिळून एका ठिकाणी एक पेटी ठेवायची आणि आपापली एकेक तार त्या पेटीत आणून लावायची. मग प्रत्येकीने दुसरीला सांगायचं, ही ही घरं माझ्याकडे आहेत, त्यांचं काही असेल तर इथेच दे. गावातलं गावात राहतं. मोठ्या शहरांत अशा जागा असतात. रत्नागिरीत कोण करणार?

मयेकरांकडे माझ्यासारखंच काम करणारा फैयाज होता. पावसचा राहणारा, चाळिशीचा, कमी बोलणारा. पावसाळ्यात खांब पडले की आम्ही दोघं एकाच रस्त्यावर आपापल्या तारा शोधत फिरायचो, त्यातून ओळख झाली होती. चहाच्या टपरीवर मी त्याला ती यादी दाखवली.

तो हसला. "ताई, सिंगापूर? आमच्या शेटना पासपोर्ट पण नाय."

"एक पेटी आणि दोन तारा, फैयाज. दुपारभराचं काम आहे."

"काम दुपारभराचाच हाय वो. पण त्या दोघांना कोण सांगणार?"

आम्ही दोघंही हसलो, चहा संपवला आणि उठलो. पुढे जवळजवळ दोन वर्षं आम्ही तो विषय काढला नाही.

यातलं मला आजही सलणारं सांगते. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात घाटात दरड पडली आणि मुंबईकडे जाणारी तार तुटली. आमची आणि मयेकरांची, दोन्ही तारा एकाच चरातून गेलेल्या, त्यामुळे दोन्ही एकदम गेल्या. त्या दिवशी पूर्णगडला एक तांडेल छातीत दुखतंय म्हणून आला. होडीवरचा मुख्य माणूस, वय पंचेचाळीस. डॉ. शुभदाने त्याच्या हृदयाचा आलेख काढला. तो तिला नीट उलगडेना. मोबाइलला बोलण्यापुरती रेंज होती, फोटो जात नव्हता. तिने आठल्यांना आलेखाचं तोंडी वर्णन केलं. न बघता ते तरी काय सांगणार? त्यांनी पेशंटला पाठवायला सांगितलं. रुग्णवाहिका वाटेतल्या गोळपपर्यंत आली तोवर तो गेला.

आठवडाभराने मी तिच्याकडे दुसऱ्याच कामासाठी गेले होते, तेव्हा तिने मला हे सांगितलं. दोष दिला नाही. तिने फक्त विचारलं, "मॅडम, पूर्णगडपासून रत्नागिरीपर्यंतची लाइन तर चालू होती ना त्या दिवशी?"

चालू होती. पूर्णगड ते मयेकरांची खोली, सगळं शाबूत. आमची खोली ते आठल्यांचा दवाखाना, सगळं शाबूत. नव्हता तो मधला पाच मिनिटांचा रस्ता. आलेख वेळेवर दिसला असता तर तो वाचला असता का, हे आठल्येही सांगू शकले नाहीत. पण मी परत येताना एसटीत बसून एकच विचार करत होते, की आपल्याला हे दोन वर्षांपासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वंदनाबाई, दुसरा काय पण सांगा. त्याच्या खोलीत माझी वायर जाणार नाय. त्याची माझ्या खोलीत येणार नाय."

तिकडे फैयाजनेही आपल्या शेठना विचारलं. उत्तर शब्दाशब्दाला तेच.

फैयाज म्हणाला, "ताई, एक बघा. खोलीत येणार नाय म्हणाले. जोडणार नाय, असा कुठं म्हणाले?"

त्याचं डोकं शांत होतं, म्हणून त्याला हे सुचलं. मग आम्ही तिसरी जागा शोधायला निघालो. कुणाचीच नसलेली, दोघांनाही चालणारी. ती मिळाली वाचनालयात. तिथले ग्रंथपाल लिमयेकाका. माळ्यावर वर्तमानपत्रांच्या जुन्या बांधीव फायलींची खोली होती, कोरडी आणि कुलूपबंद. काकांनी चष्मा पुसत विचारलं, "म्हणजे इथून दोघांचंही जाणार, पण हे दोघांपैकी कुणाचंच नाही? अहो, वाचनालय म्हणजे तेच की." मग त्यांनी अट घातली. दोन्ही मालकांनी स्वतः येऊन सही करायची. नोकरांच्या सह्या चालणार नाहीत.

सहीच्या दिवशी भाऊ अर्धा तास आधी आले आणि पेपर उघडून त्यात तोंड घालून बसले. दिनू मयेकर आले ते थेट कपाटासमोर उभे राहून पुस्तकांच्या पाठी वाचू लागले. मी त्यांना कधी पुस्तक वाचताना पाहिलेलं नव्हतं. काकांनी आधी एकाला बोलावलं, मग दुसऱ्याला. दोघांनी एकाच पानावर सह्या केल्या आणि वेगवेगळ्या जिन्याने उतरले. मागच्या बाजूला एक लोखंडी जिना होता हे मला त्या दिवशी कळलं.

पोळपाटाएवढी सपाट पेटी, एका बाजूने आमची तार, दुसऱ्या बाजूने मयेकरांची. फैयाजने तार लावली, दोन हिरवे दिवे लुकलुकले. मी आठल्यांच्या दवाखान्यात फोन केला, पूर्णगडहून एक छातीचा फोटो मागवायला सांगितला. दोन मिनिटांनी त्यांचा फोन आला. "बाई, काहीतरी चुकलंय बहुतेक. लगेच आला."

पहिल्या महिन्यात माझ्या हातून एक घोटाळाही झाला. पेटीला पत्ते सांगताना माझी एक ओळ चुकली आणि मयेकरांच्या सगळ्या ग्राहकांचं सगळं इंटरनेट आमच्या मुंबईच्या तारेवरून वाहू लागलं. आमच्या ग्राहकांचं इंटरनेट रांगायला लागलं. मिरकरवाड्यातले लोक मात्र दिनू मयेकरांना भेटून, आज स्पीड काय जोरात आहे, असं सांगून गेले. फैयाजने ते मला सांगितलं आणि भाऊंना मात्र मी अजून सांगितलेलं नाही.

गिऱ्हाइकांमध्ये सर्वांत खूश झाले ते नेवरेकर गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, राहायला शिवाजीनगरला आणि आंब्याची बाग पावसजवळ. बागेत त्यांनी कॅमेरा आणि भोंगा बसवला होता, घरी बसून वानरांवर ओरडण्यासाठी. पण चित्र एवढं फिरून यायचं, की गुरुजींना वानर दिसायचे तेव्हा ते दुसऱ्या कलमावर पोचलेले असायचे. गुरुजी रिकाम्या झाडावर ओरडायचे. पेटी लागल्यावर त्यांचा आवाज वेळेवर पोचायला लागला. त्यांनी मला घरी बोलावून प्रत्यक्ष करून दाखवलं. चौथीच्या वर्गाला दरडावावं तसे ते भोंग्यातून कडाडले, "ए! खाली उतर आधी!" आणि पडद्यावरचा वानर खरोखरच उतरला. गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलं, पण एवढं ऐकणारा विद्यार्थी हा पहिलाच."

मी टेलिफोनमधली असल्यामुळे एक हौसेचं कामही करून ठेवलं होतं. इंटरनेटच्या तारेवर चालणारे दोन टेबलफोन आणून एक माळ्यावरच्या पेटीपाशी ठेवला, दुसरा फैयाजच्या घरी. तिसऱ्या कुणाशी बोलता येत नसे. आमचं कामाचं बोलणं त्यावर चालायचं. मालकांना हे माहीत नव्हतं.

मग वादळ आलं. आदल्या दिवशी फैयाज पावसच्या सड्यावर, वरच्या कातळपठारावर, चढून मयेकरांची डिश दोरखंडाने बांधून आला होता. रत्नागिरीच्या टेकडीवर मयेकरांची आणखी एक छोटी खोली होती, तिथून निघालेला सिग्नल त्या डिशवर पडायचा आणि तिथून खाली पूर्णगडला तार जायची. सकाळी वारा उतरला तेव्हा वीज नव्हती, मोबाइल मुके होते, मुंबईची तार गेली होती. झाडं पडून रस्ते बंद. मी चालत वाचनालयात पोचले. माळ्यावर बॅटरीच्या जोरावर ते दोन हिरवे दिवे लुकलुकत होते. मी टेबलफोन उचलला. पलीकडे घंटा वाजली आणि फैयाज म्हणाला, "बोला ताई. घर ठीक ना?"

तो पूर्णगडच्या रुग्णालयाची तार बघायला निघाला होता. काय सापडलं ते मला कळवता यावं म्हणून त्याने टेबलफोन पिशवीत घालून बरोबर घेतला. निम्मा रस्ता मोटारसायकलने, पुढे आडव्या झाडांवरून चालत. मी माळ्यावर वाट बघत बसले. दीडेक तासाने घंटा वाजली.

"ताई, इथं शाळेत जेवण शिजवणाऱ्या एक बाई आल्यात. छातीत दुखतंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आठल्ये डॉक्टर पायजेत. आत्ता."

मागून शुभदाचा आवाज आला. तिने फोन घेतला. "मॅडम, माझ्याकडे गुठळी विरघळवणारं एकच इंजेक्शन आहे. पण आलेख सरळ नाहीये आणि यांना पोटात पूर्वी रक्तस्राव झालेला आहे. चुकलं तर मीच त्यांना मारेन. सरांनी बघायलाच हवं."

"आलेखाचा फोटो फैयाजला थेट सरांच्या संगणकावर पाठवायला सांग," मी म्हटलं. "मी सरांकडे निघाले."

टेबलफोन उपटून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि जिना उतरले. खाली भाऊ स्कूटर लावत होते, माझीच चौकशी करायला आले होते. त्यांना एवढंच सांगितलं, "मारुती मंदिर. चला." वाटेत सगळं सांगितलं. त्या चोरून ठेवलेल्या फोनचंही. भाऊ फांद्यांमधून स्कूटर काढत राहिले.

दवाखाना इन्व्हर्टरवर चालू होता, तिथे फोन जोडला. आठल्ये खुर्ची ओढून बसले. संगणकावर आलेख उघडला, त्यांनी तो मोठा करून पाहिला, परत पाहिला. शुभदाला पाच-सहा प्रश्न विचारले. रक्तस्राव कधी झाला होता, दाब किती, दुखायला लागून किती वेळ झाला. एवढ्यात मध्येच फैयाजचा आवाज आला. "ताई, वाईट गोष्ट हाय. आमच्या टेकडीवरच्या खोलीतली बॅटरी उतरत चालली. अर्धा तास निघाला तर निघाला. शेट तिकडे हायत, त्यांनीच लाइनवरून मेसेज टाकला. जनरेटर भिजलाय."

टेकडीवरची खोली बंद म्हणजे फोन बंद. मी भाऊंकडे बघायला मान वळवली तर ते तिथे नव्हते. बाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

आठल्ये म्हणाले, "शुभदा, दे. आत्ता दे. मी फोनवर आहे."

पुढचा वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. शुभदा मधून मधून दाबाचे आकडे सांगत होती, आठल्ये हं, हं म्हणत होते. अर्धा तास झाला, मग पाऊण. फोन चालूच. मी घड्याळ आणि फोनवरचा दिवा, दोन्हीकडे आलटून पालटून बघत होते. मग शुभदा म्हणाली, "सर, दुखणं कमी झालंय म्हणतात. घाम थांबलाय." तिचा आवाज तेव्हा कुठे कापला. त्याआधी एकदाही कापला नव्हता.

टेकडीवर काय झालं ते मला नंतर फैयाजकडून कळलं, त्याला दिनू मयेकरांनी सांगितलं होतं. आमच्या खोलीतल्या बॅटऱ्या भरलेल्या होत्या, म्हणून भाऊंनी तिथला जनरेटर टेम्पोत टाकून वर नेला. रस्ता संपला तिथून त्यांनी आणि टेम्पोवाल्याने तो उचलून चढवला. दिनू मयेकरांनी दार उघडलं. भाऊ म्हणाले, "हा घे. तेल भरलेला हाय." दिनू म्हणाले, "आत ये." दोघांनी मिळून वायरी जोडल्या. संध्याकाळपर्यंत भाऊ खाली आले नाहीत.

लगेच मैत्री झाली, असं मी सांगणार नाही. ते बोलायला लागले ते कामापुरतंच. पण पुढच्या वर्षी माळ्यावरची बॅटरी बदलायची होती तेव्हा दोघे एकाच जिन्याने वर आले.

त्या स्वयंपाकाच्या बाई दोन-तीन महिन्यांनी लेकीला घेऊन वाचनालयात आल्या. आमसुलांची पिशवी माझ्या हातात दिली आणि पेटी बघायची म्हणाल्या. मी दाखवली. "एवढीशीच?" त्या म्हणाल्या. मग मला काहीतरी वाईट वाटेल असं वाटून म्हणाल्या, "पण बरी हाय."

नंतरची गोष्ट थोडी आहे. मोठ्या कंपन्या गावात आल्या. त्यांनी स्वस्तात वेगवान इंटरनेट दिलं आणि आमचे ग्राहक एकेक करून गेले. त्यात वाईट मानण्यासारखं काही नाही, मी स्वतः आता त्यांचीच ग्राहक आहे. आठल्यांना पूर्णगडचा फोटो आता क्षणात मिळतो. तो मुंबईला जाऊन येतो, पण इतक्या झटपट, की कुणाला कळत नाही. त्या कंपन्यांना मी दोनदा पत्रं लिहिली, की तुमचीही एकेक तार आमच्या माळ्यावर लावा, जागा तयार आहे, खर्च काही नाही. एकीचं उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. दुसरीचं आलं नाही. मी हातात यादी घेऊन त्यांच्या मुंबईच्या कचेरीत जाऊन बसायला हवं होतं. जाईन जाईन म्हणत राहिले आणि गेले नाही.

भाऊंनी कंपनी विकली, सहा महिन्यांनी दिनू मयेकरांनीही विकली. पेटीतून जाणारं हळूहळू कमी होत गेलं. एके दिवशी दुपारी मी आणि फैयाज माळ्यावर गेलो. लिमयेकाका नव्हते, नवीन ग्रंथपालबाईंनी किल्ली दिली. मी बटणाशी हात नेला आणि तसाच धरून राहिले.

"मी करू काय, ताई?" फैयाजने विचारलं.

मी मान हलवली. त्याने बटण दाबलं. दिवे विझले, पेटीतला पंखा घरघरत थांबला. इतकी वर्षं तो चालू होता, त्यामुळे त्याचा आवाज असतो हेच आम्ही विसरलो होतो. खोली एकदम शांत झाली. खालच्या दालनात कुणीतरी वर्तमानपत्राचं पान उलटलं, ते आम्हा दोघांना वर स्पष्ट ऐकू आलं.